मांजराच्या नख्या आणि दिवाणखान्यांतील कोच

मांजर झोपेंतून उठतें, पाठीची कमान करून जांभई देतें, चार पावलें टाकून कोचाच्या कोपऱ्याशीं जातें, मागल्या पायांवर उभें राहतें आणि पुढचे दोन्ही पंजे उंच टाकून कापडांतून नख्या खालीं ओढतें. मांजराच्या दृष्टीनें हा नित्यनेम असतो. घरधन्याला मात्र त्यांत निव्वळ खोडसाळपणा दिसतो. नवें कापड चढविलेल्या कोचाला आठवड्याच्या आंत झुलपें लोंबूं लागलीं कीं घरांतील सौम्य माणसाच्याही हातीं केरसुणी येते, आणि 'हें मांजर घरांत ठेवावयाचें कीं नाहीं' ह्या चर्चेला तोंड फुटतें. ही चर्चा बहुधा चुकीच्या जागीं सुरू होते. मांजराचें ओरबाडणें बंद कसें करावें, ह्या प्रश्नाला उत्तरच नाहीं. ओरबाडण्यासाठीं त्याला काय द्यावें, ह्या प्रश्नाला उत्तर आहे. तें स्वस्त आहे, आणि उरणसारख्या बंदराच्या गांवीं दोर, तरट व लांकूड ह्या तीन वस्तूंतून तें एका दुपारींत तयार होतें.

उरणचें जुन्या वळणाचें घर डोळ्यांपुढें आणावें. वर कौलें, पुढें ओटी, मधें माजघर, मागें पडवी आणि पडवीपलीकडे वाडी. वाडींत माड, आंबा, फणस, शेवगा. करंज्याला आणि मोऱ्याला मासळी उतरे, घरांत भाताच्या कणग्या असत, आणि भात म्हटला कीं उंदीर आलाच. त्यामुळें मांजराची गणना घरच्या लाडक्यांपेक्षां घरच्या कामकऱ्यांत होई. त्याचा दिवस ओटीवर जाई आणि रात्र वाडींत. नख्यांसाठीं आंब्याचें खोड होतें, कुंपणाची मेढ होती, पडवीचा लांकडी खांब होता. त्या खांबावर ओरखडे उठतच. पण पाहुण्यांना कोणी पडवींत बसवीत नसे, म्हणून त्यांचा बोभाटा होत नसे.

१९८९ सालीं न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. सिडकोनें द्रोणागिरीची वसाहत आंखली. १२ जानेवारी २०२४ रोजीं लोकल गाडी थेट उरणपर्यंत आली आणि त्याच दिवशीं शिवडीहून चिर्ल्याकडे येणाऱ्या अटल सेतूचेंही उद्घाटन झालें. भाताच्या खाचरांच्या आणि मिठागरांच्या ह्या मुलखांत सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडाचें दार सदा लोटलेलें असतें, खिडकीला जाळी असते, आणि मांजर चोवीस तास आंतच असतें. आंब्याचें खोड गेलें. उभें, भक्कम, खरखरीत आणि ढकललें तरी न हालणारें असें जें कांहीं घरांत उरलें, तो कोच. मांजरानें आपली संवय मुळींच बदललेली नाहीं. बदललें आहे तें झाड.

ही संवय इतकी हट्टी कां, हें समजावयाचें तर मांजराचा पंजा जवळून पाहावयास हवा. मांजराला साधारणतः १८ नख्या असतात, पुढच्या प्रत्येक पंजाला ५ आणि मागच्या प्रत्येक पंजाला ४. त्याची नखी बोटाच्या अगदीं शेवटच्या हाडावरच वाढते, हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें कारण पडणार आहे. मांजर स्वस्थ असतांना लवचिक बंध तें शेवटचें हाड मागें ओढून धरतात आणि नखी कातड्याच्या घडींत विसांवते. म्हणूनच त्याच्या चालण्याचा आवाज येत नाहीं, आणि म्हणूनच कुत्र्याच्या नखांसारखी त्याची नखी जमिनीवर घासून बोथट होत नाहीं. कांहीं पकडावयाचें झालें म्हणजे पंजांतील शिर ताणली जाते, शेवटचें हाड पुढें वळतें आणि नखी म्यानांतून बाहेर येते.

आतां, जी वस्तु चालतांना झिजत नाहीं तिची निगा दुसऱ्या कोणत्या तरी रीतीनें राखली पाहिजे. नखी कांद्याप्रमाणें पापुद्र्यापापुद्र्यांनीं वाढते. बाहेरचा पापुद्रा जुना होऊन सुटूं लागतो व त्याखालीं नवा, टोंकदार तयार असतो. खरखरीत वस्तूंत नखी रोवून ओढली कीं जुनें टोपण निघून येतें. कोचाखालचा केर काढतांना नखीच्याच आकाराचीं पोकळ, पांढुरकीं टरफलें कधीं कधीं सांपडतात तीं हींच होत. मांजराची नखी मोडली अशा समजुतीनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. मागल्या पायांचीं टोपणें तें दांतांनीं काढतें, म्हणून कोचावर काम पडतें तें पुढल्याच पंजांचें. शिवाय ह्या ओढण्यांत खांदे, पाठ आणि पुढचे पाय ह्यांना चांगला ताण मिळतो. झोप झाल्याबरोबर तें ओरबाडावयास कां जातें, ह्याचें उत्तर येथें आहे. माणूस उठल्यावर आळेपिळे देतो, तसेंच हें.

आणखी एक कारण डोळ्यांना दिसत नाहीं. मांजराच्या पंजाच्या गाद्यांमध्यें गंध सोडणाऱ्या ग्रंथि असतात. ओरबाडतांना तो गंध त्या जागेला लागतो आणि वर ओरखड्यांची दिसणारी खूणही राहते. ही जागा माझ्या वावरांतली आहे, असा तो लेख असतो. तो वाचण्याइतकें माणसाचें नाक तीक्ष्ण नसतें इतकेंच. गंध विरूं लागला कीं मांजर पुन्हां तेथेंच येतें आणि अक्षरें गिरवितें. घरांत नवें माणूस आलें, दुसरें मांजर आलें, बिऱ्हाड बदललें, कीं ओरबाडणें एकाएकीं वाढतें, तें ह्यामुळें. मांजराला कोचाचा राग नसतो. उलट माणसें जेथें नेहमीं बसतात आणि जेथें घरच्यांचा वास सर्वांत दाट असतो, ती जागा त्याला आपली म्हणावीशी वाटते. गृहिणीला हें समाधान पुरेसें वाटणार नाहीं, हें उघड आहे.

शरीराची गरज, अंगाचा व्यायाम आणि हद्दीची खूण अशा तीन निकडी ज्या कृतींत एकवटल्या आहेत ती कृति फटक्यानें थांबत नाहीं. मांजराला मारलें किंवा त्याच्या तोंडावर पाणी उडविलें तर त्याला 'कोचावर नख्या लावूं नयेत' असा बोध होत नाहीं. 'हा माणूस जवळ असतांना सावध राहावें' एवढाच होतो. मग तें रात्रीं ओरबाडतें, किंवा घरांत कोणी नसतांना ओरबाडतें. भेदरलेलें मांजर आपल्या जागेविषयीं साशंक होतें, आणि साशंक मांजर खुणा अधिक करतें. म्हणजे केरसुणीनें कोच वांचत नाहीं, तो अधिकच फाटतो. त्याचे पंजे धरून बळेंच खांबावर घासण्याची जी रीत पुष्कळ घरांत दिसते तीही तशीच निरुपयोगी. पंजे धरलेले मांजराला आवडत नाहीं, आणि मग तो खांबही नावडता होतो.

तेव्हां खांब असा हवा कीं मांजरानें आपण होऊन त्याच्याकडे जावें. बाजारांत विकत मिळणारे पुष्कळसे खांब दिसावयास गोजिरवाणे पण वीतभर बुटके आणि पायाशीं हलके असतात. मांजर त्यावर भार देतें, खांब कलंडतो, आणि तें पुन्हां म्हणून त्याच्याकडे फिरकत नाहीं. कोच त्याच्यावर कधींच कलंडलेला नसतो. २०१६ सालीं पशुवैद्यकाच्या एका इंग्रजी नियतकालिकांत मांजर पाळणाऱ्या हजारो लोकांच्या उत्तरांवरून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा होता कीं सरळ उभा, निदान ३ फूट उंचीचा आणि दोर गुंडाळलेला खांब मांजरांना अधिक पसंत पडतो, आणि खांब वापरल्याबद्दल ज्यांना बक्षीस मिळतें तीं मांजरें तो अधिक वापरतात. ३ फूट कां? कारण मागल्या पायांवर उभें राहून पंजे वर टाकल्यावर मोठ्या मांजराचें अंग पुरतें ताणलें जाईल इतकी उंची त्याला हवी असते.

असा खांब घरीं करावयाचा तर सुमारें १० सेंटिमीटर जाडीचा गोल लांकडी वासा घ्यावा. बैठकीसाठीं दीड फूट लांबरुंद जाड फळी घेऊन वासा तिच्या मध्यावर खालून मोठ्या स्क्रूंनीं पक्का करावा. फळी हलकी वाटली तर तिच्यावर अडगळींत पडलेला एखादा जड दगड घट्ट बसवावा. मिक्सर आल्यापासून कित्येक घरांत जुना पाटा निरुद्योगी होऊन पडला आहे, तो ह्या कामीं नामी. वाशाला हातानें जोरानें ढकलून पाहावें. तो डगमगला तर पुढचें काम तसेंच रेटूं नये.

दोराविषयीं उरणकरांना फारसें सांगावयास नको, तरी येथें एक मोठी चूक संभवते. बंदरावर जुने दोर पुष्कळ मिळतात आणि फुकटचा मोह सुटत नाहीं. पण होडीवरच्या जुन्या दोराला डिझेल, ग्रीस, क्वचित् डांबर लागलेलें असतें. मांजर पंजे चाटून स्वच्छ करतें, म्हणजे जें पंजाला लागेल तें पोटांत जाईल. मासळीचा वास मुरलेला दोर तर तें ओरबाडण्याऐवजीं चावूनच टाकील, आणि गिळलेला धागा आंतड्यांत अडकला तर शस्त्रक्रियेवर पाळी येते. नायलॉनचा दोर निसरडा, त्यांत नखी रुतत नाहीं. घायपाताचा नवा, रंग न दिलेला दोर सर्वांत चांगला. काथ्याचा सुंभही चालतो. तो अधिक खरबरीत असतो व त्याचा भुगा पडतो, म्हणून केर काढण्याची तयारी ठेवावी. ८ मिलिमीटर जाडीचा दोर घेतला तर १० सेंटिमीटर जाडीच्या ३ फुटी वाशाला सुमारें ३८ मीटर दोर लागतो. दुकानांत जातांना ४० मीटर मागावा. खालपासून वर, वेढ्याशीं वेढा भिडवून, ओढून गुंडाळावा. दोन्ही टोंकें चुकांनीं ठोकावीं आणि चुकांचीं डोकीं लांकडांत पुरतीं बुडवावीं.

एवढीही खटपट नको असेल तर वाशाला नुसतें गोणपाट घट्ट ताणून ठोकावें. तांदुळाच्या रिकाम्या तरटी पोत्याची ह्याहून चांगली सद्गति नाहीं. कांहीं मांजरांना उभ्यापेक्षां आडवा पृष्ठभाग रुचतो. तीं कोच सोडून सतरंजीच्या मागें लागलेलीं असतात. त्यांच्यासाठीं तरट ठोकलेली सपाट फळी जमिनीवर ठेवावी. लहान पिलांना घडीघडीचा जाड पुठ्ठाही फार आवडतो. मांजर आजवर काय ओरबाडीत आलें आहे तें आधीं नीट पाहावें, उभें कीं आडवें, कापड कीं लांकूड, आणि मग त्याच जातीची वस्तु त्याला द्यावी.

खांब तयार झाल्यावर घरधनी तो हमखास चुकीच्या ठिकाणीं ठेवतात. दिवाणखान्याची शोभा बिघडूं नये म्हणून त्याची रवानगी मागच्या गॅलरींत कपडे धुण्याच्या यंत्रामागें होते, आणि मग 'मांजर त्याला हुंगतही नाहीं' अशी तक्रार येते. तेथें कोण राहतें म्हणून त्यानें तेथें खूण करावी? खांब कोचाच्या त्या फाटलेल्या कोपऱ्याशींच, अगदीं खेटून ठेवावा. दुसरा शक्य असेल तर मांजर जेथें झोपतें तेथून चार पावलांवर. दोन मांजरें असतील तर दोन खांब दोन निरनिराळ्या ठिकाणीं हवेत. एकाच्या खांबापर्यंत जाण्यासाठीं दुसऱ्याच्या हद्दींतून जावें लागलें तर तो खांब नसल्यासारखाच.

त्याच वेळीं कोचाची ती बाजू मांजराला बेचव करून सोडावी. दोन्ही बाजूंनीं चिकटणारी पट्टी तेथें लावावी, किंवा गुळगुळीत जाड प्लास्टिक ताणून बसवावें. पंजाला चिकटपणा मांजराला खपत नाहीं आणि गुळगुळीत पृष्ठांत नखी रुतत नाहीं. कोपरा आधीं साबणाच्या कोमट पाण्यानें पुसून वाळवावा, म्हणजे जुना गंध फिका होतो. मांजरानें खांबाला पंजा लावला कीं लागलीच सुकटीचा एखादा तुकडा द्यावा. उरणांत सुकटीला काय तोटा! पण बक्षीस लागलीच दिलें पाहिजे. पांच मिनिटांनीं दिलेलें बक्षीस कशाबद्दल मिळालें हें मांजराच्या ध्यानांत येत नाहीं. कांहीं आठवडे खांब नियमानें वापरांत आला म्हणजे तो रोज वीतभर सरकवीत सोयीच्या जागीं न्यावा, आणि त्यानंतरच पट्ट्या काढाव्या. एकदम उचलून नेला तर मांजर खांबामागें न जातां कोचाकडे परत येतें.

खांबाकडे मांजराचें लक्ष वेधण्यासाठीं पाश्चात्य देशांत कॅटनिप नांवाची वनस्पति वापरतात. कोंकणांत तिची एक प्रतिनिधि आपोआप उगवते. पावसाळ्यांत कुंपणाच्या कडेला, पडीक जागेंत आणि इमारतींच्या गटारांशींसुद्धां खोकली नांवाचें हातभर उंचीचें हिरवें तण माजतें. त्याचें मूळ ताजें उपटलें कीं पुष्कळ मांजरें त्यावर लोळण घेतात. मल्याळी भाषेंत ह्या झाडाला जें नांव आहे त्याचा अर्थच मांजराला भुलविणारें असा होतो. ताजें मूळ धुऊन खांबाच्या दोरावर घासावें, आणि मग फेंकून द्यावें. मांजराला तें खाऊं देऊं नये. सगळ्याच मांजरांना ही भूल पडते असें नाहीं. न पडली तर दोरी बांधलेलें पीस खांबाच्या माथ्यावर नाचवावें, तें पकडतांना पंजे आपोआप दोरावर बसतात.

मांजराला कोचापासून दूर ठेवण्यासाठीं उग्र वासाचीं द्रव्यें फवारण्याचा सल्ला शेजारीपाजारीं सर्रास दिला जातो. त्याविषयीं जरा कडक बोलणें भाग आहे. फिनेल, नीलगिरीचें तेल, लिंबाच्या जातीचीं अर्कतेलें, डांबराच्या गोळ्या ह्यांपैकीं कांहींही कोचावर किंवा मांजर निजतें तेथें वापरूं नये. माणसाचें यकृत जीं द्रव्यें एका विशिष्ट रासायनिक क्रियेनें निर्विष करून बाहेर टाकतें, ती क्रिया मांजराच्या यकृतांत फार दुबळी असते. फिनॉलच्या वर्गांतील द्रव्यांना तें तोंड देऊं शकत नाहीं. पंजाला लागलेलें फिनेल चाटून मांजर आजारी पडतें. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एकच गोळीही ह्याच दुबळेपणामुळें त्याचा जीव घेऊं शकते. कोचाच्या कापडापेक्षां हें नुकसान मोठें.

नख्यांचीं टोंकें कापणें हा मात्र निरुपद्रवी उपाय आहे. त्यानें ओरबाडणें थांबत नाहीं, पण ओरखडा उथळ होतो. मांजर पेंगुळलेलें असतांना पंजाची गादी हलकेच दाबावी, म्हणजे नखी बाहेर येते. उजेडांत धरली कीं तिच्या बुडाशीं गुलाबी भाग दिसतो. त्यांत रक्तवाहिनी आणि मज्जातंतु असतात. त्याच्या पुष्कळ पुढें, पारदर्शक टोंकाचाच अंश कापावा. एका बैठकींत दोनच नख्या झाल्या तरी चालेल. दर दोनतीन आठवड्यांनीं हें करावें, आणि पिलाला लहानपणापासून पंजे हाताळून घेण्याची संवय लावावी. जें मांजर वाडींत हिंडतें, ज्याला कुत्रा आला तर झाडावर चढून जीव वांचवावा लागतो, त्याच्या नख्या कापूं नयेत.

नख्या कायमच्या काढवून घेण्याची चौकशी करणारेही भेटतात. नखी शेवटच्या हाडावरच वाढते, हें वर आलेंच आहे; ती पुन्हां वाढूं नये म्हणून तें हाडच कापावें लागतें. माणसाचीं बोटें शेवटच्या पेराशीं छाटण्यासारखेंच हें आहे. पुढें कित्येक मांजरांचे पंजे दुखत राहतात; तीं मलविसर्जनाच्या रेतीच्या पेटींत जाणें टाळूं लागतात, आणि नख्यांच्या जागीं दांत वापरूं लागतात. ब्रिटनमध्यें ही शस्त्रक्रिया केवळ सामानाच्या रक्षणासाठीं करण्यास मनाई आहे, आणि २०१९ सालीं न्यूयॉर्क राज्यानेंही तिला बंदी घातली. भारतांत १९६० सालच्या प्राणि-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमांत जनावराचा अवयव क्रूरपणें छाटणें गुन्ह्यांत धरलें आहे.

त्याच कलमांत दुसरीही एक गोष्ट आहे. उपासमारीनें किंवा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावराला वाजवी कारणाशिवाय सोडून देणें हाही गुन्हा आहे. मांजर पिशवींत घालून मासळीच्या धक्क्यावर सोडून यावें, तेथें त्याला मासळीची ददात पडणार नाहीं, अशी कित्येकांची मनाची समजूत असते. धक्क्यावर मासळी असते हें खरें. पण तेथें आधींपासून हद्द धरून बसलेले बोके असतात आणि कुत्रे असतात. तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या, वाटींतलें खाल्लेल्या मांजराला त्यांच्यांतून एक बांगडाही मिळत नाहीं. मांजर सात घरें फिरतें असें म्हणतात, पण तीं घरें भाटी आपल्या पिलांसाठीं स्वतः निवडते. पिशवींतून झालेला प्रवास त्यांत मोडत नाहीं.

खांबाची निगा थोडीच आहे. पावसाळ्यांत समुद्राकाठच्या दमट हवेनें काथ्याला आणि तरटाला बुरशी धरते. ऊन पडलें कीं खांब गॅलरींत नेऊन वाळवावा, आणि संध्याकाळीं मूळच्या जागीं आणून ठेवावा. दोराचीं झुलपें निघूं लागलीं, तो विद्रूप दिसूं लागला, कीं घरधन्याला तो टाकून द्यावासा वाटतो. मांजराला मात्र तो त्याच सुमारास खरा आवडूं लागलेला असतो. त्यावर त्याच्या खुणा आणि त्याचा गंध पुरता बसलेला असतो. सुटलेला लांब धागा तेवढा कापून टाकावा, म्हणजे तो गिळला जाणार नाहीं. दोर अगदींच तुटला तर नवा खांब करून जुन्याशेजारीं ठेवावा, आणि मांजर नव्याकडे वळल्यावर मगच जुना हलवावा.